बाराव्या पानावरचं दुसरं अक्षर

बाराव्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं : 'खून मेहुण्याने केला आहे.' टपोरं, दाबून काढलेलं अक्षर. पान उलटलं तरी मागच्या बाजूनं बोटाला लागायचं. त्याच्या खाली दुसऱ्या कुणाचं तरी बारीक, जपून काढलेलं अक्षर : 'तरी वाचा. कसं केला ते सांगितलंय. मी दोनदा वाचलो.'

पुस्तकाचं नाव मी सांगणार नाही. पन्नासेक वर्षांपूर्वीची रहस्यकथा आहे, तरी कुणाची वाचायची राहिली असेल. शेवट फोडणाऱ्या त्या पहिल्या हाताचा मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो. फाटलेलं पान निदान दिसतं, चिकटवता येतं. हे म्हणजे पुढच्या प्रत्येक वाचकाच्या तोंडचा घास काढून घेणं. दुसऱ्या अक्षराचा मात्र मी कित्येक वर्षं माग काढत होते. आज त्याच्याबद्दल लिहायचं आहे, आणि ज्या कपाटात ते पुस्तक होतं त्या कपाटाबद्दल.

बेळगावात शहापूरच्या एका लहान वाचनालयात मी सत्तावीस वर्षं देवघेवीच्या टेबलाशी बसले. माझ्या उजव्या हाताला रहस्यकथांचं कपाट. आमच्याकडचा पाऊस एकदा लागला की गणपतीपर्यंत पाठ सोडत नाही. त्या दिवसांत हे कपाट निम्मं रिकामं असायचं. पुस्तकं दमट होऊन परत यायची, मी त्यांत कडुनिंबाची पानं घालून ठेवायची. बाबुराव अर्नाळकरांची (चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचं खरं नाव) पुस्तकं हजाराच्या वर भरतात. त्यांतली एकशेचाळीस आमच्याकडे होती. झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांचे गठ्ठे वेगळे बांधलेले, कारण वाचक तसेच मागायचे, 'एक झुंजार द्या, एक काळापहाड.' खालच्या फळीवर गुरुनाथ नाईक, शिरवळकरांचा दारा बुलंद, आणि अगदी कोपऱ्यात, मुलांच्या हाताला येईल असा, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे.

पुस्तक कसं वाटलं असं विचारलं की माणूस 'छान' म्हणतो आणि विषय संपतो. म्हणून मी विचारायचं सोडून दिलं. पुस्तक टेबलावर ठेवता ठेवता, छत्री झटकता झटकता, तोंडातून जे आपोआप निघतं ते ऐकायचं. सत्तावीस वर्षांत मी ऐकलेले उत्तम अभिप्राय असे मिळाले. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. हेरांच्या आणि गुन्ह्यांच्या पुस्तकांबद्दल बोलताना प्रत्येक जण आपल्या पोटापाण्याच्या धंद्यातून बोलतो. सामाजिक कादंबरीबद्दल लोक ऐकलेलं बोलतात, इथं मात्र स्वतःचं बोलतात.

सुभेदार काकांचं घ्या. सैन्याच्या मराठा सेंटरमधून निवृत्त झालेले, गणेशपूरला घर, पाऊस असो ऊन असो सायकलवरून यायचे. फक्त हेरगिरी वाचायचे. पुस्तक आवडलं नसेल तर टेबलावर आपटायचे.

"ताई, ह्यानं पहिल्याच प्रकरणात गोळी झाडली की ओ! गोळी झाडली म्हणजे हेराचं काम बुडालं. आता हा पळणार, आणि आम्ही दोनशे पानं ह्याच्या मागनं पळायचं."

जेम्स बाँड लिहिणारा इयन फ्लेमिंग दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात होता. हेरकथा लिहिणारा जॉन ल कारे, म्हणजे डेव्हिड कॉर्नवेल, ब्रिटनच्या देशांतर्गत आणि परदेशी अशा दोन्ही गुप्तचर संस्थांमध्ये नोकरी करून आलेला. हे मी काकांना एकदा सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "नोकरी एकाच जातीची. खरं एकानं रजेवरचं स्वप्न लिहिलं, दुसऱ्यानं हजेरीवही लिहिली." (आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात.) त्यांना हजेरीवही आवडायची. ज्या पुस्तकात हेर चार चार तास एका खिडकीकडे बघत बसतो, वरिष्ठाच्या सहीसाठी ताटकळतो, खर्चाची पावती जोडतो, ते पुस्तक काका हळूच टेबलावर ठेवायचे.

'रॉ' या भारताच्या गुप्तचर संस्थेची स्थापना २१ सप्टेंबर १९६८ ची, पहिले प्रमुख रामेश्वरनाथ काव. या संस्थेवर मराठीत आता बरंच लिहिलं जातं आणि मागणीही भरपूर असते. काकांची अशा पुस्तकांना एकच कसोटी होती. कुठलाही थरारक प्रसंग आला की ते म्हणायचे, "हे लेखकाला कुठनं कळलं?" खोलीत दोनच माणसं होती, त्यांतलं एक मेलं, दुसऱ्यानं कधी तोंड उघडलं नाही, मग त्यांचं संभाषण अवतरणचिन्हांत कसं आलं? २०२१ मध्ये केंद्र सरकारनं निवृत्तिवेतनाच्या नियमांत बदल करून गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांतल्या निवृत्त अधिकाऱ्यांना खात्याशी संबंधित लिखाण परवानगीशिवाय छापायला बंदी केली. तेव्हापासून मला काकांचा प्रश्न जास्तच पटतो. आतलं माहीत असणाऱ्यानं परवानगी काढायची, आणि ज्याला काही माहीत नाही त्यानं वाटेल तितकं रंगवायचं! वाचकानं अशा वेळी तळटीप आधी बघावी आणि मुखपृष्ठ नंतर.

याच काकांना एका मुलीनं गप्प केलं होतं. ती खानापूरहून रोज बसनं कॉलेजला यायची आणि परतीच्या बसपर्यंतचा वेळ आमच्याकडे काढायची. तिनं नूर इनायत खानवरचं पुस्तक वाचलं होतं. बडोद्याचे गायक आणि सूफी इनायत खान यांची ही मुलगी, टिपू सुलतानाच्या वंशातली. जून १९४३ मध्ये ब्रिटिशांनी तिला वायरलेस चालवायला जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये उतरवलं. थोड्याच दिवसांत तिच्याबरोबरचे बहुतेक सगळे पकडले गेले. लंडननं परत ये म्हटलं, ती राहिली. पॅरिसमध्ये घरं बदलत, पेटीतलं यंत्र घेऊन फिरत ती संदेश पाठवत राहिली. ऑक्टोबरमध्ये फितुरीनं सापडली आणि १३ सप्टेंबर १९४४ ला दाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली. १९४९ मध्ये तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. लढाईच्या आधी ही मुलगी लहान पोरांसाठी जातककथा लिहीत होती.

काकांनीही ते पुस्तक वाचलेलं. म्हणाले, "पोरगी शूर, त्यात वादच नाही. खरं पाठवलेल्या संदेशांची वही ठेवली की तिनं! ती वही जर्मनांच्या हाती लागली, आणि तिच्याच यंत्रावरनं ते लंडनला फसवत बसले. हेरानं वही ठेवायची नसते."

ती मुलगी उभी राहिली. मला तिचा आवाज अजून आठवतो. "काका, तिला शिकवलं कुणी पुरतं? प्रशिक्षण संपायच्या आत पाठवलं. शिकवणाऱ्यांतल्याच काहींनी लिहून दिलं होतं की हिला पाठवू नका. वायरलेसची माणसं कमी पडत होती म्हणून पाठवलं. आणि तुम्ही वहीवर अडून बसला."

काका काही बोलले नाहीत. पुस्तक परत नावावर घेऊन गेले. आठ दिवसांनी आले, पुस्तक हळूच ठेवलं आणि म्हणाले, "अर्धवट शिकवलेल्या जवानाला पुढं धाडला तर दोष जवानाचा नसतोय. त्या पोरीला सांगा." मी सांगितलं. पुस्तकावर इतकं प्रामाणिक बोलणं मी नंतर साहित्य संमेलनांतल्या परिसंवादांतही फार कमी ऐकलं, आणि आमच्या भागात तर कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावोगावी संमेलनं भरतात, मी बहुतेकांना जाते.

औषध दुकानदार अगाथा ख्रिस्तीच्या मराठी अनुवादांचे भक्त. त्यांचं म्हणणं, या बाईला विष कळतं. ते खरंच आहे. पहिल्या महायुद्धात तिनं इस्पितळाच्या औषधशाळेत काम केलं होतं आणि १९२० मध्ये आलेल्या तिच्या पहिल्याच कादंबरीतला विषप्रयोग इतका बिनचूक होता की औषधनिर्मात्यांच्या नियतकालिकानं त्याची तारीफ केली. त्यातलं विष स्ट्रिक्निन. दुकानदारांनी मला समजावून सांगितलं की हे विष काजऱ्याच्या बीत असतं, कुचला म्हणतात तो हाच. एरवी लंडन, लॉर्ड, बटलर असलं सगळं परकं वाटणारं पुस्तक त्या एका शब्दानं माझ्या जवळ आलं. काजऱ्याचं झाड सह्याद्रीच्या रानातलं, आमच्या ओळखीचं. लहानपणी त्याची नारिंगी फळं दिसली की आजी हात धरून मागं ओढायची. विष नेमकं कसं चढलं ते मात्र मी इथं लिहीत नाही. बाराव्या पानावरच्या त्या पहिल्या हातासारखं मला व्हायचं नाही.

एक वकीलसाहेब होते, ते शेरलॉक होम्सपेक्षा कॉनन डॉयलवर जास्त बोलायचे. जॉर्ज एडलजीची हकिकत त्यांनी मला दोन वेळा, दोन्ही वेळा तितक्याच तळमळीनं सांगितली. मुंबईहून गेलेल्या पारशी कुळातल्या शापुरजी एडलजी यांचा हा मुलगा, स्वतः सॉलिसिटर. वडील ख्रिस्ती होऊन इंग्लंडच्या एका खेड्यात धर्मगुरू झालेले. १९०३ मध्ये रात्री घोडा भोसकल्याच्या आरोपावरून जॉर्जला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तीन वर्षांनी सुटका झाली, पण नाव निर्दोष झालं नाही. डॉयल त्याला भेटायला गेला तेव्हा हा माणूस वर्तमानपत्र डोळ्यांच्या अगदी जवळ, तेही तिरकं धरून वाचत होता. एवढ्या अधू नजरेचा माणूस काळोखात शेतं तुडवत जाऊन जनावर कसं मारेल? डॉयलनं वर्तमानपत्रांत लिहून रान उठवलं आणि १९०७ मध्ये जॉर्जला माफी मिळाली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाचं न्यायालय उभं करणारा कायदा झाला, त्यामागं या खटल्याचाही रेटा होता. वकीलसाहेब म्हणायचे, डिटेक्टिव्ह गोष्टींना मनोरंजन म्हणणाऱ्यांना हे एकदा ऐकवा. मी आज ऐकवते आहे.

कन्नड शाळेतले एक सर यायचे. मराठी झरझर वाचायचे, बोलताना अडखळायचे. त्यांनी मला एन. नरसिंहय्यांबद्दल सांगितलं. कन्नडमध्ये पाचशेच्या वर डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहिणारा माणूस, त्यांचा नायक 'पत्तेदार पुरुषोत्तम'. पत्तेदार! ज्याला पत्ता लावता येतो तो. आपण 'गुप्तहेर', 'डिटेक्टिव्ह' असं काही म्हणत राहिलो आणि आपल्याच ओळखीच्या शब्दातून शेजाऱ्यांनी किती नेमका शब्द घडवला. सर म्हणायचे, "तुमचे अर्नाळकर, आमचे नरसिंहय्या. खेड्यातल्या पोराला पुस्तक हातात धरायला ह्या दोघांनी शिकवलं." ते स्वतः त्यातलेच. आणि मी पाहिलं आहे, सर ज्या शाळेत शिकवायचे तिथली मराठी घरांतली मुलं फास्टर फेणे एकेक अक्षर लावत वाचायची. बोलता यायचं, वाचता यायचं नाही. 'ट्टॉक' वाचताना त्यांचा चेहरा खुलायचा. फुरसुंगीच्या त्या बनेश फेणेनं आमच्या गल्लीतल्या किती मुलांना मराठी वाचायला लावलं याची नोंद कुठल्याच वहीत नाही, माझ्या डोळ्यांत आहे.

बहिर्जी नाईकांवरच्या पुस्तकांनी मात्र मला कायम पेचात पाडलं. ती चरित्राच्या फळीवर ठेवायची की कादंबरीच्या? सुरतेच्या मोहिमेआधी त्यांनी आणलेल्या बातमीबद्दल लिहिलेलं आहे, पण जुन्या कागदांत त्यांच्याविषयी फार थोडं मिळतं. बाकीचं लोकांच्या प्रेमानं भरून काढलं आहे. बाणूरगडावर त्यांची समाधी आहे, ती सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. आमचे वाचक तालुक्याचं नाव वाचून आपलंच खानापूर समजायचे आणि मला दर वेळी सांगावं लागायचं. मी ती पुस्तकं कादंबरीत ठेवली. एकानं रागानं विचारलं, "महाराजांचा हेर काय काल्पनिक होता?" हेर खरा होता, संवाद लेखकाचे आहेत, असं मी उत्तर दिलं. त्यांना पटलं नाही. मी अजून त्याच मताची आहे. ज्याचं काम कुणाला दिसू नये असं होतं, त्याच्याबद्दल कमी माहिती असणं हीच त्याच्या कामाची पावती आहे. वेषांतराचं रंगतदार वर्णन हवं असेल त्यांनी विशाखदत्ताचं मुद्राराक्षस वाचावं. चाणक्याचा हेर निपुणक यमाची चित्रं दाखवत दारोदार हिंडतो आणि एका उंबऱ्यावर घरंगळत आलेली, राक्षस नावाच्या शत्रुपक्षाच्या मंत्र्याची अंगठी उचलून आणतो. सगळं राज्य त्या अंगठीवर फिरतं. एकही गोळी नाही. सुभेदार काकांना मी ते वाचायला दिलं होतं, त्यांनी ते हळूच ठेवलं.

या सगळ्यांत वडगावच्या मावशी कधीच काही बोलल्या नाहीत. घरात दोन माग, दिवसभर खटखटाट, कानाला थोडं कमी यायचं. दर मंगळवारी दोन रहस्यकथा घेऊन जायच्या, दोन आणून ठेवायच्या. मी बघितलं की नुसती मान हलवायच्या. त्यांना गोष्टीपलीकडे काही नको असेल, असं मी ठरवून टाकलं होतं.

आणि मग कपाट गेलं. मी निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी कार्यकारिणीनं ठरवलं की 'हलकी पुस्तकं' काढून जागा करायची. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं ठेवायची होती. त्यांची गरज मला मान्य आहे, मुलांना नोकऱ्या हव्यात. पण भिंतीला दुसरं कपाट लावता आलं असतं. मी तसं लेखी दिलं. उत्तर आलं नाही. एका शनिवारी सकाळी मी पोचले तेव्हा रद्दीवाल्याचा काटा दारात होता आणि चार पोती भरलेली होती. झुंजार किलोवर चालला होता. मी माझ्या पैशांनी पोत्यातनं हाताला लागतील तेवढी पुस्तकं काढून घेतली. घरी नेऊन मोजली, बासष्ट भरली. फास्टर फेणे एकही मिळाला नाही. ते दुःख माझ्या मनातून गेलेलं नाही. ज्या पुस्तकांच्या पाठी वापरून वापरून निघाल्या होत्या, त्यांनाच कुणी वाचत नाही असं ठरवलं गेलं.

बाराव्या पानावर दोन अक्षरं असलेलं पुस्तक त्या बासष्टांत होतं.

त्या दुसऱ्या अक्षराबद्दल मी बराच तर्क लढवला होता. त्यातले अनुस्वार टिंबासारखे नव्हते. बारीक गोल शून्यं होती, आणि ती अक्षराच्या डोक्यावर न बसता उजव्या अंगाला सरकलेली. कन्नडमध्ये अनुस्वार असाच काढतात. म्हणजे लिहिणाऱ्याचा हात कन्नड शाळेत वळलेला. 'मी दोनदा वाचलो' हे आमच्या सीमाभागाचं मराठी. पुण्याचा माणूस 'वाचलं' लिहील, आणि 'वाचलो' म्हणजे जीव वाचला असं समजेल. कन्नड वळणाचा हात, पुरुषी क्रियापद. मी सरांवर बोट ठेवून मोकळी झाले होते. त्यांना विचारलंही. ते म्हणाले, "मी पुस्तकात कधी लिहीत नाही. मुलांना मारलं आहे त्यासाठी."

पुस्तकं घरी आहेत हे कळल्यावर गल्लीतले दोघंतिघं बदलायला येऊ लागले. मावशीही आल्या, मंगळवारीच. मी एक वही ठेवली होती, घेणाऱ्यानं आपल्या हातानं नोंद करायची. वाचनालयात ती नोंद मी करायची, त्यामुळे इतक्या वर्षांत मावशींचं अक्षर मी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी चष्मा लावला आणि सावकाश लिहिलं, 'दोन पुस्तकं नेतो. मंगळवारी परत देतो.'

'पुस्तकं'च्या उजव्या अंगाला बारीक शून्य. 'मंगळवारी'तही तेच.

'नेतो', 'देतो'. आमच्याकडे बायकाही असंच बोलतात. मी स्वतः माझ्या आईशी जन्मभर 'मी जातो, मी येतो' असंच बोलले आहे. आणि तरी त्या 'वाचलो'वरून मी पुरुष शोधत बसले होते, कारण लिहिलेलं मराठी मी पुस्तकी कानानं ऐकत होते.

मी आतून ते पुस्तक आणलं आणि बारावं पान उघडून पुढं धरलं. मावशींनी बघितलं, लाजल्यासारख्या झाल्या.

"चौथीपर्यंत कन्नड शाळेत शिकलो मी. मराठी मागनं घरीच शिकलो," त्या म्हणाल्या. "वरचं कोण लिहिलाय ठाऊक नाही. खरं ते बघून कोणी पुस्तक टाकून देईल म्हणून खाली लिहिलो."

"आणि दोनदा का वाचलं?"

"एकदा वाचलं की कापडाची वरची बाजू दिसती. कोण मारला, कोण सापडला. दुसऱ्यांदा वाचताना पालथं करून बघायचं. दोरा कुठं जोडलाय, गाठ कुठं लपवलीय, ते मागनंच कळतंय. ह्या माणसानं गाठ लई चांगली मारलीय." बाराव्या पानावरून बोट फिरवत त्यांनी पुढची चार पानं उलटली आणि एका ओळीवर थांबल्या. मेहुणा तिथं फक्त पाण्याचा तांब्या घेऊन येतो. मी ते पुस्तक तीन वेळा वाचलं होतं. तांब्या मला दिसला नव्हता.

मी टेबलाच्या खणातून खोडरबर काढला आणि वरची ओळ खोडायला गेले. मावशींनी माझा हात धरला.

"ते खोडू नका. ते गेलं तर माझं लिहिलेलं कुणाला कळणार?"